टक्कर आणि गणित

आई-बाबांनो, पालकसभा संपून सगळे पांगले की तुमच्यापैकी कुणीतरी मागे थांबतं आणि हळूच विचारतं, “पोरगं खेळात चांगलं आहे हो, पण पुढे काय? खेळू द्यायचं की अभ्यासाला बसवायचं?” या प्रश्नावर मला जॉन अर्शेल आठवतो. त्याची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि त्याच्या आईचीही.

अर्शेल अमेरिकन फुटबॉलमधला लाइनमन. हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा. चेंडू लांबट, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक मागे असतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी ओळीने उभे राहतात. समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं आणि मागच्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, हे त्यांचं काम. गुण त्यांच्या नावावर लागत नाहीत. समालोचक त्यांचं नाव घेतो ते बहुतेकदा चूक झाली की. अर्शेलचं वजन तीनशे पौंडांच्या घरात, म्हणजे सुमारे 136 किलो. 2014 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं. तोवर त्याने पेन स्टेट विद्यापीठातून गणितात पदव्युत्तर पदवी घेतली होती, आणि कॉलेजच्या संघातून खेळता खेळता पदवीच्या मुलांना गणित शिकवलंही होतं.

आई-वडील वेगळे झालेले. वडील शल्यचिकित्सक, ते कॅनडात. जॉन न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात आईजवळ वाढला. पोराला कोडी सोडवायचा नाद आहे हे आईने फार लवकर हेरलं. ती कोड्यांची आणि गणिताची पुस्तकं आणून देत राहिली आणि तो त्यांचा फडशा पाडत राहिला. त्यात शिकवणीचा धाक नव्हता, म्हणून गणित त्याला कधी शिक्षा वाटलं नाही. पुढे फुटबॉलचं वेड लागलं. त्याने मोठ्या शिक्षणसंस्थेत जाऊन शिकावं ही आईची इच्छा होती. मुलाने फुटबॉलसाठी पेन स्टेट निवडलं. मनाविरुद्ध असूनही तिने ते होऊ दिलं. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. इच्छा बोलून दाखवावी, पण मुलाचा रस्ता अडवू नये, हे आपल्यापैकी किती जणांना जमतं?

2015 च्या मार्चमध्ये क्रिस बोरलँड नावाचा एक तरुण खेळाडू डोक्याच्या दुखापतींच्या भीतीने एकाच हंगामानंतर निवृत्त झाला. तेव्हा अर्शेलने लेख लिहून सांगितलं, की मी पैशासाठी खेळत नाही. मला या टकरीचीच ओढ आहे, आणि हे माझ्या आईला, मित्रांना, गणितातल्या सहकाऱ्यांना कळत नाही. पैशाबद्दलचं त्याचं म्हणणं दिखाऊ नव्हतं. व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही तो वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या आत भागवायचा, एक जुनी छोटी निसान गाडी चालवायचा, सहकाऱ्याबरोबर घर वाटून राहायचा. खर्च काय, तर गणिताची पुस्तकं आणि कॉफी. फावल्या वेळात बुद्धिबळ. त्याच वर्षी त्याचा एक शोधनिबंध गणिताच्या नियतकालिकात छापून आला. या खेळातली कारकीर्द सरासरीने तीन-साडेतीन वर्षं टिकते. एवढ्या थोड्या वर्षांच्या कमाईवर पुढची चाळीस वर्षं काढायची असतात, हे त्याने पहिल्या पगारापासून ओळखलं होतं. खेळाडू मुलाला पैसे कमवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. पैसे राखायला त्याला घरातच शिकावं लागतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरावात त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि तो बेशुद्ध पडला. पुढे काय झालं ते नीट ऐका. काही आठवड्यांत तो पुन्हा खेळायला उभा राहिला. शरीर तयार होतं, टकरा घेता येत होत्या. पण वरच्या पातळीचं गणित डोक्यात येईना. ते परतायला जास्त काळ लागला. हे त्याने स्वतः सांगितलं आहे. त्याच्याजवळ गणित होतं म्हणून मेंदू अजून सावरलेला नाही हे त्याला कळलं. ज्या मुलाजवळ खेळाशिवाय दुसरं काहीच नाही, त्याला ते कसं कळावं? तो धावतोय, हसतोय, म्हणजे बरा झाला असं आपण धरून चालतो.

लाइनमनच्या बाबतीत हा धोका मोठा, कारण प्रत्येक डावाला टक्कर ठरलेलीच. प्रत्येक वेळी माणूस कोसळतो असं नाही, पण छोटे छोटे धक्के साठत जातात. पिट्सबर्गच्या संघाचा माईक वेबस्टर हा त्या ओळीतलाच, सेंटर. 2002 मध्ये पन्नाशीतच तो गेला. अखेरच्या वर्षांत मन आणि स्मरणशक्ती दोन्ही ढासळली होती. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला सीटीई हा विकार फुटबॉलपटूत पहिल्यांदा नोंदवला. मग 25 जुलै 2017 ला बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई आढळला. हे मेंदू मुद्दाम दान केलेले होते, बऱ्याच घरांना आधीच शंका होती. म्हणून शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ काढू नका. पण पालक म्हणून हा आकडा वाचून झोप उडाली तर त्यात वावगं काही नाही.

दोन दिवसांनी अर्शेलने निवृत्ती जाहीर केली. वय 26, तीन हंगाम झालेले. कारण तो एकच अभ्यास नव्हता. बोस्टनजवळच्या एमआयटीत त्याने 2016 मध्येच पीएचडी सुरू केली होती, ती पूर्ण वेळ करायची होती. घरी पहिलं बाळ येणार होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सोडून जायला त्याच्याजवळ एक जागा तयार होती. 2021 मध्ये त्याला पीएचडी मिळाली आणि पुढे तो तिथेच प्राध्यापक झाला. दुसऱ्या दिवशी उठून काय करायचं याची धास्ती नसेल, तर सव्विसाव्या वर्षी बूट काढून ठेवता येतात. ती जागा एका दिवसात झालेली नव्हती. कोड्यांच्या पुस्तकांपासून तिची तयारी सुरू होती.

न्यू जर्सी, टेक्साससारख्या ठिकाणी राहणाऱ्या आणि हायस्कूलच्या फुटबॉल संघात मूल जाऊ पाहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न थेट भिडतो. पण कबड्डीच्या मॅटवर, कुस्तीच्या आखाड्यात, क्रिकेटचा चेंडू लागूनही डोक्याला मार बसतोच. तसा बसला तर त्या दिवशी मुलाला पुन्हा खेळायला उतरवू नका, सामना कितीही मोठा असो आणि ते स्वतः कितीही हट्ट करो. डॉक्टरांना दाखवा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. पुढचे काही दिवस चिडचिड, झोप, विसरणं यांवर लक्ष ठेवा. आधी शाळेचा अभ्यास पहिल्यासारखा जमू द्या, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू खेळ. प्रशिक्षक नाराज झाले तर होऊ द्या. आणि मुलाने “डोकं जड वाटतंय” म्हटलं, तर “रडू नकोस” म्हणून त्याला गप्प करू नका. तुम्ही एकदा गप्प केलंत, की पुढच्या वेळी ते सांगायचंच नाही.