फिश टँक : बल्ब वाढवावा की जागा बदलावी?

तीन फुटी काचेची टाकी बनवून देणाऱ्या फुलंब्रीच्या कारागीर बंधूंना गिऱ्हाईक हमखास म्हणते, "उजेड कमी पडतो, आणखी एक बल्ब टाका." टाकण्यापूर्वी उजेड कुठे कमी आहे ते पाहावे.

मध्ये एकच बल्ब असेल तर त्याच्याखालचा भाग लख्ख, कोपरे अंधारे. दुसरा बल्ब त्याच्या शेजारीच लावला तर मधला उजेड जवळपास दुप्पट होतो, कोपरे मात्र मागेच राहतात. शिवाय दुप्पट उजेड डोळ्याला दुप्पट भासत नाही, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा नाराज! तेच दोन बल्ब दोन्ही टोकांपासून नऊ-नऊ इंचांवर लावले की मधला झगझगाट कमी होतो आणि प्रकाश सारखा पसरतो. बल्ब उंच नेल्यानेही पसारा वाढतो, पण जोर घटतो. एक फुटाचे दोन फूट केले तर बल्बखालचा उजेड चौथाईवर येतो. झाकणाला आतून पांढरा रंग द्यावा. वर वाया जाणारा उजेड खाली येतो, खर्च नगण्य.

आता बिलाचे पाहू. जुने ६० वॅटचे चार बल्ब रोज ८ तास जाळले तर महिन्याला ५७ युनिटांवर जातात. वर पाणी तापते. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. ९ वॅटचा एलईडी साधारण त्यातल्या एका बल्बाइतका उजेड देतो. असे दोन लावले तर साडेचार युनिटही लागत नाहीत.

टाकीत वनस्पती नसेल तर जादा उजेडाने फक्त काचेवर शेवाळ धरते. ते घासायला गिऱ्हाईक तुम्हालाच बोलावील.