पदवीच्या पायरीआधी : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मूलभूत कौशल्ये

मुंबई–हावडा लोहमार्गावरील नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा, कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा परिसर. खेड्यापाड्यांतून रोज सकाळी एस. टी.ने वा दुचाकीने येणारी मुले-मुली हेच अशा तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयीन शिक्षणाचे खरे बळ होय. यांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे.

वऱ्हाडातील शेतकरी समाजापर्यंत शिक्षणाची गंगा नेण्याचे कार्य डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून हाती घेतले. पुढे १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि पश्चिम विदर्भातील महाविद्यालयांना जवळचे विद्यापीठ लाभले. आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. प्रवेशाचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. आता पुढे उभा आहे तो प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने टिकून राहण्याचा प्रश्न.

उणीव नेमकी कोठे?

‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैक्षणिक पाहणीत २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयोगटाचा अभ्यास करण्यात आला. या वयातील सुमारे चौथा हिस्सा मुलामुलींना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्के मुलांनाच बरोबर सोडविता आले. विशेष म्हणजे या वयोगटातील ८६.८ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या शाळा-महाविद्यालयात नाव असलेली होती. म्हणजे ही उणीव केवळ शाळा सोडलेल्यांची नाही, ती वर्गात बसलेल्यांचीही आहे.

याची कारणे शोधताना विद्यार्थ्याच्या बुद्धीस दोष देणे अन्यायाचे होईल. अभ्यासक्रम दरवर्षी पुढे सरकतो. चौथीत निसटलेला भागाकार पाचवीत पुन्हा शिकविला जाईलच असे नाही. मागे पडलेला विद्यार्थी मग पाठांतराच्या आधारे वरच्या वर्गात जातो. त्यातच मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागात शिक्षणाचा धागा दीर्घकाळ तुटला. त्या वेळी माध्यमिक शाळेत असलेली मुले नंतरच्या वर्षांत महाविद्यालयांच्या दारी पोहोचली.

एक साधे उदाहरण

उणीव किती सूक्ष्म असते, हे पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. एका शेतकऱ्याने ७ क्विंटल ५ किलो कापूस क्विंटलला ७,००० रुपये दराने विकला, तर त्यास किती रक्कम मिळावी? दर आणि वजन यांचा गुणाकार करावयाचा, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु ७ क्विंटल ५ किलो म्हणजे ७.५ क्विंटल असे त्याने मांडले, तर उत्तर ५२,५०० रुपये येते. एक क्विंटल म्हणजे १०० किलो असल्याने खरी मांडणी ७.०५ अशी आहे आणि खरी रक्कम ४९,३५० रुपये होते. फरक ३,१५० रुपयांचा!

येथे गुणाकार चुकलेला नाही. चुकले आहे ते दशांश चिन्हानंतरचे स्थान. अशा विद्यार्थ्यास हिशेबशास्त्राचे प्रकरण पुन्हा समजावून सांगितल्याने काहीच साधत नाही. शंभर चौकटींचा एक चौरस काढून त्यातील पाच चौकटी रंगवून दाखविल्यास मात्र त्याचा घोटाळा थोड्या वेळात दूर होऊ शकतो. दुखणे कोठे आहे हे आधी ओळखावे आणि मग उपचार करावा, हेच मूलभूत कौशल्यांच्या साहाय्याचे मुख्य सूत्र होय.

वाचनाचेही तसेच आहे. ‘वगळता’, ‘अन्यथा’, ‘अनुक्रमे’ यांसारख्या शब्दांवर वाक्याचा सारा अर्थ अवलंबून असतो. हे शब्द नजरेआड झाले की प्रश्नच वेगळा वाचला जातो आणि विषय येत असूनही उत्तर चुकते.

घरचा आणि बाहेरचा अनुभव

या कामी महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव मोलाचा आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबविला. वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांचे लहान गट घेऊन त्यांना रोज सुमारे दोन तास पायाभूत वाचन व गणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्टपणे दिसून आली. बॅनर्जी व डफ्लो हे २०१९ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी होत. इयत्तेप्रमाणे नव्हे, तर मुलाच्या प्रत्यक्ष पातळीप्रमाणे शिकवावे, हा विचार या प्रयत्नांतून पुढे आला.

अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांना याच प्रश्नास दीर्घकाळ तोंड द्यावे लागले. तेथे कच्च्या विद्यार्थ्यांना मुख्य अभ्यासक्रमापूर्वी वेगळे उपचारात्मक वर्ग पूर्ण करावे लागत. या वर्गांची साखळी लांबत गेली आणि अनेक विद्यार्थी मुख्य विषयापर्यंत पोहोचण्याआधीच गळाले. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये कायदा करून अशा वर्गांच्या सक्तीस आवर घातला. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने २००७ मध्ये वेगळी योजना सुरू केली. तीत पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्लागार, शिकवणी, पुस्तकांसाठी मदत आणि प्रवासाचा पासही देण्यात आला. तीन वर्षांत पदविका मिळविणाऱ्यांचे प्रमाण या योजनेमुळे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत गेल्याचे तुलनात्मक अभ्यासात आढळले.

या दोन्ही अनुभवांचा बोध एकच आहे. साहाय्य विद्यार्थ्याच्या पातळीवरचे असावे. मात्र ते मुख्य अभ्यासक्रमाच्या आधी नव्हे, त्याच्या बरोबरीने दिले जावे.

तालुक्याच्या महाविद्यालयात काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वंचित पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी सेतू अभ्यासक्रमांची शिफारस करण्यात आली आहे. नांदुऱ्यासारख्या ठिकाणी तिला प्रत्यक्ष रूप देताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

पहिली गोष्ट निदानाची. प्रथम वर्षाच्या पहिल्याच पंधरवड्यात एक उतारा, एक अर्ज आणि दहा उदाहरणे एवढी छोटी चाचणी घ्यावी. तिचे गुण फलकावर लावू नयेत. कोणास काय येते आणि कोठे अडते, एवढीच नोंद प्राध्यापकांनी ठेवावी.

दुसरी गोष्ट वेळेची. खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवस एस. टी.च्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. सायंकाळी ठेवलेला जादा वर्ग गावातील मुलांना लाभतो. गाडी गाठावी लागणाऱ्या मुलींना मात्र तो मुकावा लागतो. म्हणून साहाय्याचा तास नेहमीच्या वेळापत्रकातच बसविणे हिताचे.

तिसरी गोष्ट भाषेची. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या विद्यार्थ्यास ग्रंथातील मराठी परकी वाटू शकते. उर्दू माध्यमातून आलेल्यांची अडचण आणखी निराळी असते. वाचलेला मुद्दा प्रथम आपल्या बोलीत सांगू द्यावा आणि नंतर प्रमाण भाषेत लिहून घ्यावा. बोलीला हसण्याने विद्यार्थ्याचे तोंड कायमचे मिटते. तिच्यावरून पुढे गेल्यास ती पूल ठरते.

चौथी गोष्ट सोबतीची. वरच्या वर्गातील विद्यार्थी पाच-सहा जणांच्या गटास आठवड्यातून दोनदा मदत करू शकतात. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतील स्वयंसेवकांनाही हे काम सोपविता येईल. शिकविणाऱ्याचा पायाही त्यातून पक्का होतो.

पाचवी गोष्ट पाठपुराव्याची. सलग काही दिवस गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी. कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या कामासाठी थांबलेला विद्यार्थी आणि निराश होऊन थांबलेला विद्यार्थी हजेरीपटावर सारखेच दिसतात. त्यांना लागणारी मदत वेगळी असते.

या कामास मोठी इमारत वा महागडी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती प्रश्न मान्य करण्याची तयारी आणि वर्षभराचे सातत्य. प्रथम वर्षास अनुत्तीर्ण होऊन घरी बसलेला विद्यार्थी बहुधा आपणास शिक्षण झेपत नाही अशी समजूत करून घेतो आणि त्याच्यामागच्या भावंडांची वाटही अरुंद होते. दशांश चिन्हानंतरचे एक शून्य वेळीच समजावून देणारा शिक्षक त्यास मिळाला, तर पदवीचा मार्ग त्याच्यासाठी मोकळा राहू शकतो. महाविद्यालयाची दारे सर्वांसाठी उघडली गेली आहेत. आत आलेल्या प्रत्येकाचे पाऊल स्थिर होईल हे पाहणे, हे आता शिक्षणसंस्थांचे कर्तव्य होय.