डॉक्टर राउंड घेऊन गेल्यावर

प्रश्न : माझी नात धुळ्यात नर्सिंग शिकते. मध्यंतरी दिवा हातात घेऊन नाइटिंगेलबाईंची शपथ झाली. तिच्या पुस्तकात ‘परिचर्येचे सिद्धांत’ असा मोठा धडा आहे. डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन द्यायचं, सलाईन लावायचं. यात सिद्धांत कसला?
— एक आजोबा, शिरपूर

उत्तर : आजोबा, आधी शपथेचं सांगतो. ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि आदराने नाइटिंगेल यांचं नाव दिलं. स्वतः नाइटिंगेल आकड्यांत रमणाऱ्या बाई होत्या. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात त्या गेल्या, तेव्हा जखमांपेक्षा पटकी, हगवण आणि तापानेच जास्त सैनिक दगावत होते. हे त्यांनी पुढे आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. १८६० मध्ये लंडनला नर्सिंगची शाळा निघाली. हवा, उजेड, पाणी, आहार, स्वच्छता आणि शांतता नीट राखली, तर शरीराला बरं व्हायला वाव मिळतो आणि ती राखणं हे नर्सचं काम, असं त्यांचं म्हणणं. नातीच्या पुस्तकातला पहिला सिद्धांत तो हाच.

आता आपल्याकडचा मे महिना घ्या. जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास, शेतातून आणलेला उष्माघाताचा रुग्ण खाटेवर. डॉक्टर राउंड घेऊन, केसपेपरवर औषधं लिहून पुढे गेले. रात्रभर त्याच्याजवळ कोण? सिस्टर. अंग पुसून घेणं, ताप पुन्हा पुन्हा मोजणं, नातेवाइकांची गर्दी हटवून वारा मोकळा करणं हे तर चालूच असतं. त्याशिवाय ती युरोबॅग बघते. लघवी किती झाली, रंग गडद होत चाललाय का, हे चार्टवर मांडते. मघाशी नाव सांगणारा माणूस आता असंबद्ध बडबडतोय, हे तिच्या ध्यानात येतं आणि ती डॉक्टरांना फोन लावते. हा फोन लावायची ऑर्डर कुठल्याही केसपेपरवर लिहिलेली नसते. काय बघायचं, कशाची काळजी करायची आणि कधी थांबून चालणार नाही, हे तिने शिकलेलं असतं.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी हेच वेगळ्या बाजूने मांडलं. ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर रुग्णाने स्वतःच जे केलं असतं, ते त्याच्यासाठी करायचं. आणि ते त्याला लवकरात लवकर स्वतःचं स्वतः जमेल असं बघायचं. मला यातला दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. डोरोथिया ओरेम यांनी तर स्वतःची काळजी घेण्याची क्षमता हाच आपल्या सिद्धांताचा पाया केला.

तुमच्या शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात याचं मोल रोज दिसेल. तिकडे भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. तो जन्माचा असतो. असा आजार असलेली मुलगी चार दिवस दवाखान्यात राहून पाड्यावर परत जाते, पुढे सांभाळायचं तिचं तिनेच. पाणी भरपूर प्यायचं, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवायची नाही, थंडीपासून जपायचं, ताप आला किंवा छातीत दुखलं तर घरी थांबायचं नाही. हे तिला आणि तिच्या आईला त्यांच्या बोलीत, त्यांच्या दिनक्रमात बसेल असं समजावणं ही त्या नर्सची परीक्षा असते. नुसतं सांगून भागत नाही. मुलीकडून ते परत वदवून घ्यावं लागतं. घरातलं पाणी लांबून आणावं लागत असेल, तर ‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्याचं काय होणार, तेही नर्सनेच विचारायचं.

तरीही हे काम हलकं का मानलं गेलं? परक्याचं मलमूत्र काढायचं, परपुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, म्हणून घरंदाज म्हणवणाऱ्या घरांनी मुली पाठवल्या नाहीत. पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणलं, आणि १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगने त्या गेल्या. आपल्या खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा मुलगा ओंकार यालाही प्लेगनेच कायमचं अपंगत्व आलं. असे आजार घरातल्या बायकाच निस्तरत होत्या, शिकवायला कुणी नव्हतं. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्यातल्या सेवासदनने विधवांना आणि मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्या मुली लोकांचं बोलणं सोसून शिकल्या, याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही असं मला वाटतं.

१९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आलं आणि देशभर शिक्षणाचा दर्जा ठरवण्याची सोय झाली. नातीचा अभ्यासक्रम संपला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी तेवढी वेळेत करून घ्या; नोंदणीशिवाय तिला नर्स म्हणून काम करता येणार नाही.