पायाच्या बोटाचा अस्थिभंग : नोंद आणि संकेतांक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हाडांच्या विषयाला हात घालावा, हे काही वाचकांना वावगे वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या उन्हाळी सुट्टीत रोगनिदानांना संकेतांक कसे देतात याचा एक छोटा अभ्यासक्रम मी पूर्ण केला. तो शिकत असताना मला पदोपदी जाणवले, की हा विषय जितका वैद्यकाचा आहे तितकाच भाषेचाही आहे. हे स्पष्ट करण्यासाठी मी मुद्दाम एक क्षुल्लक समजली जाणारी दुखापत निवडली आहे. ती म्हणजे पायाच्या बोटाचे मोडलेले हाड.

प्रथम थोडा इतिहास पाहू. लंडनमधील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास करून जॉन ग्राँट याने १६६२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८९३ साली पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण शिकागो येथे विद्वानांपुढे मांडले. १९४८ साली सहाव्या आवृत्तीपासून ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजार व दुखापती यांनाही या यादीत स्थान मिळाले. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली, तर अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. अमेरिकेने मात्र दहाव्या आवृत्तीचा आपल्या गरजेनुसार विस्तार करून तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केला आणि तेथे अद्याप तोच चालतो. त्या देशातील रुग्णालयांसाठी हे काम करणारे कितीतरी तरुण भारतातच बसून ते करतात. म्हणून पुढील उदाहरणे मी त्या विस्तारातून घेतली आहेत.

आता मूळ विषयाकडे वळू. पायाच्या अंगठ्याला दोन पेरे असतात व इतर चार बोटांना सामान्यतः तीन. म्हणजे एका पावलात बोटांची हाडे १४ होतात. यांपैकी कोणतेही मोडले, तरी २०१५ पूर्वीच्या अमेरिकन पद्धतीत त्यासाठी दोनच संकेतांक होते : कातडी शाबूत असेल तर ८२६.० आणि जखम उघडी असेल तर ८२६.१. पाय उजवा की डावा, बोट अंगठा की करंगळी, याचा त्यात पत्ताच नसे.

नवी पद्धत कशी बोलते, ते पाहा. समजा, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले : ‘उजव्या पायाच्या तिसऱ्या बोटाच्या मुळाच्या पेराचे हाड मोडले आहे, तुकडे सरकले आहेत, कातडी शाबूत आहे, आज उपचार सुरू केले.’ याचा संकेतांक होतो एस९२.५११ए. यातील ‘एस’ म्हणजे दुखापत, ‘९२’ म्हणजे घोटा वगळून पावलाचे हाड मोडणे, ‘५’ म्हणजे अंगठ्याखेरीज इतर बोटे, पहिला ‘१’ म्हणजे मुळाचे पेर, दुसरा ‘१’ म्हणजे उजवा पाय व सरकलेले हाड. शेवटचा ‘ए’ सांगतो, की अस्थिभंग बंद असून त्यावर सक्रिय उपचार चालू आहेत. हाड जागेवरच असेल तर दुसऱ्या ‘१’ ऐवजी ‘४’ येईल. पाय डावा असेल तर अनुक्रमे ‘२’ किंवा ‘५’. जखम उघडी असेल तर ‘ए’ च्या जागी ‘बी’ येईल. सात चिन्हांचे हे एक पूर्ण वाक्यच आहे म्हणा ना!

शेवटच्या अक्षराबद्दल नवशिक्यांचा हमखास गैरसमज होतो. ‘ए’ म्हणजे रुग्णाची पहिली भेट, असे त्यांना वाटते. वस्तुतः सक्रिय उपचार चालू आहेत तोवर डॉक्टर बदलले तरी ‘ए’ च राहतो. हाड नीट जुळत आहे, केवळ देखरेख चालू आहे, अशा वेळी ‘डी’ येतो. जुळण्यास विलंब होत असल्यास ‘जी’, न जुळल्यास ‘के’ आणि वाकडे जुळल्यास ‘पी’.

मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग यापुढचा आहे. डॉक्टरांनी काही लिहिलेच नाही, तर काय? नियम असा, की उघडा की बंद हे लिहिले नसेल तर अस्थिभंग बंद समजावा. सरकला की नाही हे लिहिले नसेल तर सरकलेला समजावा. म्हणजे येथे मौनाचाही अर्थ लावला जातो! नुसते ‘बोटाचे हाड मोडले’ असे लिहिल्याने केसाएवढी बारीक चीर कागदावर सरकलेला अस्थिभंग होऊन बसते. उलट, हाडापर्यंत पोचलेली आणि जंतुसंसर्गाचे भय असलेली जखम बंद ठरून तिचे गांभीर्य नाहीसे होते. एका ठिकाणी अतिशयोक्ती, दुसऱ्या ठिकाणी लपवाछपवी. आणि दोन्ही कुणाच्या मनात नसताना. विम्याचा दावा, पुढच्या डॉक्टरांचा निर्णय आणि देशाची आकडेवारी या कागदावरच उभी राहते.

‘बहुधा’ या शब्दाचीही गंमत आहे. बाह्यरुग्ण विभागात ‘बहुधा हाड मोडले असावे’ एवढेच लिहिले असेल, तर अस्थिभंगाचा संकेतांक देता येत नाही. उजव्या पायाच्या बोटातील वेदना, एम७९.६७४, इतकेच नोंदवायचे. संकेतांक देणाऱ्याने स्वतः एक्स-रे पाहून निदान ठरवायचे नसते. शंका असल्यास डॉक्टरांना लेखी विचारावे, आणि तेही प्रश्नातच उत्तर न सुचवता.

एवढ्या सूक्ष्म पद्धतीलाही मर्यादा आहेतच. हाताच्या प्रत्येक बोटाला तिने वेगळा अंक दिला आहे; पायाची अंगठ्याखेरीज चार बोटे मात्र एकाच अंकात कोंबली आहेत. आपल्या उदाहरणातील ‘तिसरे बोट’ संकेतांकात कोठेच उमटले नाही. दुसरे असते, करंगळी असती, तरी संकेतांक तोच राहिला असता. नेमके कोणते बोट, हे सत्य फक्त डॉक्टरांच्या शब्दांत शिल्लक राहते. तो शब्द लिहिला नाही, तर वर्षभराने त्याच पायाच्या दुसऱ्या बोटाला इजा झाल्यावर जुनी दुखापत कोणती व नवी कोणती, हे त्या कागदांवरून कोणालाच सांगता येणार नाही.

तात्पर्य, अंकांनी शब्दांचे काम संपत नाही, उलट वाढते. संकेतांक हा नोंदीचा अनुवाद आहे, आणि मुळात नसलेले अनुवादात प्रामाणिकपणे आणता येत नाही. निबंधात ‘नेमके लिहा’ असा शेरा आपले प्राध्यापक मारतात, तेव्हा तो गुणांपुरता आहे असे आपण समजतो. रुग्णालयाच्या कागदावर त्याच शेऱ्याचे मोल एखाद्या माणसाला पै-पैशाने आणि प्रसंगी पायाने मोजावे लागते. आपल्यापैकी जे पुढे कोणत्याही कचेरीत, न्यायालयात वा रुग्णालयात लेखणी चालवतील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.