वजन उतरल्यानंतर उरलेली कातडी आणि विम्याचा हक्क

आरोग्य विमा हा शब्द आता कडेगाव-विटा भागातील घराघरांत पोहोचला आहे. कोणाला नोकरीच्या ठिकाणी विमा मिळतो, कोणी बँकेमार्फत पॉलिसी घेतली आहे, तर गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेल्या आपल्या भागातील कुटुंबांनी राहत्या शहरातच विमा उतरवला आहे. हप्ता वेळेवर भरला जातो. परंतु पॉलिसीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे हे वाचण्याची सवय आपल्याला नाही. दावा नामंजूर झाल्यावरच ती पुस्तिका कपाटातून बाहेर निघते. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रश्नाचा अभ्यास करावयाचा आहे, ज्याविषयी चारचौघांत बोलण्याचीही माणसांना लाज वाटते. अतिशय वाढलेले वजन खूप कमी झाल्यानंतर अंगावर जी कातडी लोंबत राहते, ती काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीकडून मिळू शकतो का, आणि त्यासाठी काय करावे लागते, हा तो प्रश्न होय.

१. हा त्रास नेमका काय आहे?

वर्षानुवर्षे ताणली गेलेली कातडी आपली लवचिकता गमावते. त्यानंतर आहार-व्यायामाने म्हणा किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेने म्हणा, चाळीस-पन्नास किलो वजन उतरले तरी ती पूर्ववत आखडत नाही. पोटावर, मांड्यांवर, दंडांवर, छातीवर तिच्या घड्या पडतात. पोटाची घडी काहींच्या बाबतीत जांघेपर्यंत, तर काहींच्या बाबतीत मांडीच्या निम्म्यापर्यंत उतरते. व्यायामाने स्नायू बळकट होतात, पण ही कातडी जात नाही.

या घडीखाली वारा लागत नाही, घाम साचतो, कातडीवर कातडी घासते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शेतात किंवा चुलीपुढे काम करणाऱ्या स्त्रीला हे सांगावे लागत नाही. लाल चट्टे, खाज, बुरशीचा संसर्ग, दुर्गंधी, चिरा आणि शेवटी जखमा हा त्याचा क्रम असतो. मधुमेह असल्यास जखम लवकर भरत नाही. भार पुढे ओढला गेल्याने कंबर दुखते, चालणे व स्वच्छता राखणे अवघड होते. म्हणूनच अशा रुग्णाला "आता बारीक झालास, आणखी काय पाहिजे?" असे म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण आहे.

२. दोन शस्त्रक्रियांतील फरक

पहिली शस्त्रक्रिया पॅनिक्युलेक्टमी. हिच्यात पोटावरची लोंबती घडी, म्हणजे जादा कातडी व तिच्याखालची चरबी, कापून काढतात. संसर्गाची जागाच नाहीशी करणे हा तिचा हेतू असतो. दुसरी ॲब्डोमिनोप्लास्टी, जिला बोलीभाषेत टमी टक म्हणतात. हिच्यात कातडी काढण्याबरोबर पोटाचे सैल झालेले स्नायू शिवून घट्ट करतात, बेंबीची जागा बदलतात आणि पोटाला आकार देतात.

रुग्णाला दोन्ही सारख्याच वाटतात. विमा कंपनीला मात्र त्या सारख्या नाहीत. पहिलीचा संबंध रोगाशी जोडता येतो, दुसरी बहुधा सौंदर्याची म्हणून बाजूला काढली जाते. दंड व मांड्यांच्या शस्त्रक्रियेबाबत मंजुरी मिळणे त्याहून कठीण असते. म्हणून रुग्णालयाच्या कागदावर कोणत्या शस्त्रक्रियेचे नाव आणि कोणते कारण लिहिले आहे, हे रुग्णाने स्वतः वाचून पाहावे.

३. पॉलिसी काय म्हणते?

पूर्वी प्रत्येक कंपनी वगळलेल्या बाबी आपापल्या शब्दांत लिहीत असे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक बाबीला संकेतांक दिला. आपल्या विषयाशी दोन संकेतांकांचा संबंध येतो.

संकेतांक ०६ लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा आहे. डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय निकषांचा आधार, वय किमान १८ वर्षे, आणि देहवस्तुमान निर्देशांक ४० किंवा अधिक, या अटी पूर्ण झाल्यास हा खर्च मिळू शकतो. हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा उपचार करूनही आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार सोबत असेल आणि वजन घटविण्याचे साधे उपाय निष्फळ ठरले असतील, तर ३५ निर्देशांकही पुरतो. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. उंची १.६० मीटर असेल तर तिचा वर्ग २.५६, म्हणजे १०२.४ किलो वजनाला निर्देशांक ४० येतो आणि ८९.६ किलोला ३५.

संकेतांक ०८ सौंदर्य किंवा प्लास्टिक सर्जरीचा आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच दडलेले आहे. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यातून मोकळी ठेवली आहे. त्याचप्रमाणे प्रकृतीला असलेला प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचारही मोकळा ठेवला आहे. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केली पाहिजे, अशी अट आहे.

याचा अर्थ असा की दरवाजा बंद नाही, पण अरुंद आहे. "प्रत्यक्ष व तातडीचा धोका" हे शब्द कडक आहेत. नुसती कातडी लोंबते एवढ्याने ते सिद्ध होत नाहीत. वारंवार होणारा संसर्ग, न भरणारी जखम, औषधांना न जुमानणारा त्वचारोग यांनी ते सिद्ध होऊ शकतात. कंपनीने संकेतांक ०६ पुढे करून "तुमचा निर्देशांक आता ३५ च्या खाली आहे" असे म्हटल्यास, ही शस्त्रक्रिया वजन घटविण्यासाठी नसून वजन उतरल्यानंतर उद्भवलेल्या रोगासाठी आहे, हे उत्तर द्यावे.

प्रतीक्षा काळही तपासावा. आधीपासून असलेल्या आजारासाठी तो २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. पॉलिसी घेताना आपले वजन व आधी झालेली शस्त्रक्रिया लपवू नये. ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मेडिक्लेम प्रकरणात असे स्पष्ट केले की, प्रस्तावात उघड केलेला आजार तपासून कंपनीने एकदा पॉलिसी दिली, की पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून तिला दावा नाकारता येत नाही. खरे सांगणे हेच येथे विमाधारकाचे संरक्षण आहे.

४. पुरावा आधी, शस्त्रक्रिया नंतर

बहुतेक जण शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर कागद गोळा करू लागतात. खरे तर पहिला चट्टा उठला त्याच दिवसापासून कागद तयार व्हायला हवेत. औषधाच्या दुकानातून मलम आणून घरीच लावले, तर त्या दुखण्याची नोंद कोठेच राहत नाही. आणि ज्याची नोंद नाही ते दुखणे विमा कंपनीच्या दृष्टीने झालेलेच नसते. स्त्रिया संकोचाने हा त्रास अंगावर काढतात, त्यामुळे हक्काची वेळ येते तेव्हा त्यांचेच हात रिकामे असतात. पुढील कागद जपून ठेवावेत :

(अ) आधीचे व आताचे वजन, तारखांसह. वजन निदान सहा महिने स्थिर असल्याची नोंद. पोटाची लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारणपणे १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला शल्यचिकित्सक देतात.
(आ) त्वचारोगतज्ज्ञाचे केसपेपर : प्रत्येक भेटीची तारीख, निदान, दिलेले औषध आणि त्याचा परिणाम. तीन ते सहा महिने सलग उपचार करूनही संसर्ग परतत असेल, तर तसे स्पष्ट लिहून घ्यावे.
(इ) जखमेच्या पाण्याची किंवा रक्तातील साखरेची तपासणी झाली असल्यास तिचे अहवाल.
(ई) छायाचित्रे. ती रुग्णालयातच, तारखेसह, घडी खाली सोडून आणि वर उचलून काढलेली असावीत. ही छायाचित्रे केवळ वैद्यकीय कामासाठी आहेत व ती गुप्त राहतील, याची खात्री करून घ्यावी.
(उ) चालणे, बसणे, काम करणे यांत येणाऱ्या अडचणींची डॉक्टरांनी केलेली नोंद. सोबत हर्निया असल्यास त्याचा स्वतंत्र अहवाल, कारण हर्नियाचा दावा वेगळ्या नियमाने तपासला जातो.
(ऊ) प्लास्टिक सर्जनचे प्रमाणपत्र : शस्त्रक्रियेचे नाव, कारण, दुसरे उपाय का पुरेसे नाहीत, आणि ती न केल्यास होणारा धोका.

खोटे प्रमाणपत्र घेण्याच्या मोहात कोणी पडू नये. खोटेपणा उघड झाल्यास दावा तर जातोच, पॉलिसीही जाऊ शकते. जे खरोखर घडले आहे ते पूर्णपणे लिहून घेणे, एवढेच आपले काम आहे.

५. पूर्वमंजुरी

ही शस्त्रक्रिया ठरवून केली जाते. म्हणून दाखल होण्यापूर्वीच लेखी मंजुरी मागावी. एजंटाचे तोंडी आश्वासन ग्राह्य धरू नये. अर्जाचा नमुना असा :

"मा. दावा विभाग यांस. विषय : वैद्यकीय आवश्यकतेमुळे पॅनिक्युलेक्टमीस पूर्वमंजुरी मिळणेबाबत. महोदय, मी आपला/आपली विमाधारक असून माझा पॉलिसी क्रमांक ..... आहे. माझे वजन ..... किलोवरून ..... किलो झाले असून ते ..... महिन्यांपासून स्थिर आहे. पोटाच्या घडीखाली ..... या तारखेपासून वारंवार संसर्ग होत असून ..... महिने उपचार करूनही तो थांबलेला नाही. सबब संकेतांक ०८ मधील वैद्यकीय आवश्यकतेच्या तरतुदीनुसार मंजुरी द्यावी, ही विनंती. मंजुरी देणे शक्य नसल्यास पॉलिसीतील कोणत्या कलमानुसार, हे लेखी कळवावे. सोबत : डॉक्टरांचे प्रमाणपत्र, केसपेपर व छायाचित्रे."

अर्जाची पोच घ्यावी. शेवटचे वाक्य कधीही वगळू नये. पुढची सारी लढाई त्या लेखी कारणावर उभी राहते. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यावयाचा असतो, आणि कोणताही दावा कंपनीच्या समितीच्या संमतीशिवाय नाकारता येत नाही.

६. नकार आल्यास

पहिला नकार म्हणजे अंतिम निकाल नव्हे. पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' या व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. कंपनीने तक्रार फेटाळली, महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. सांगली व सातारा जिल्ह्यांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारदाराच्या निवासावरून किंवा विमा कंपनीच्या शाखेवरून लोकपालाचे कार्यक्षेत्र ठरते. त्यामुळे परराज्यात राहणाऱ्या आपल्या बांधवांना तेथील लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वगळलेल्या बाबीत दावा बसतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे.

७. ज्यांच्याकडे खासगी पॉलिसी नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांत ठरावीक यादीतील उपचारांचाच खर्च मिळतो. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्यांत बसत नाही. तथापि चिघळलेली जखम, गंभीर संसर्ग किंवा हर्निया यांवरील उपचार यादीत आहेत का, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला अवश्य विचारावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेच्या रुग्णालयात आधी त्वचारोग विभागात नाव नोंदवावे. तेथील केसपेपर हा पुढे कोणत्याही अर्जासाठी भक्कम पुरावा ठरतो.

८. समारोप

विमा ही श्रीमंतांची चैन नव्हे, हा विचार आपल्याला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा हा राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा असावा, अशी मागणी केली होती. नागरिकाची सुरक्षितता ही कोणाची मेहेरबानी नाही, असा तिचा आशय आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, शिकलेल्या तरुणांनी आपल्या आळीतील घरांच्या पॉलिसी एकदा वाचून दाखवाव्यात, अर्ज लिहून द्यावेत आणि संकोचलेल्या माता-भगिनींसोबत दवाखान्यात जाण्यासाठी घरातील एखादी स्त्री तयार करावी. दुखण्याची लाज बाळगली की ते अंगावर निघते. त्याची नोंद केली की त्यावर हक्क सांगता येतो.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. पॅनिक्युलेक्टमी व ॲब्डोमिनोप्लास्टी यांतील फरक विम्याच्या दृष्टीने महत्त्वाचा का आहे?
२. संकेतांक ०८ मधील कोणती तरतूद रुग्णाला उपयोगी पडते? तिची अट कोणती?
३. उंची १.५० मीटर असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक ४० येण्यासाठी वजन किती असावे लागेल?
४. आपल्या घरातील पॉलिसी काढून तिच्यातील वगळलेल्या बाबी व प्रतीक्षा काळ यांचा तक्ता तयार करा.