गुपित कोणते ठेवावे?

बालमित्रांनो, आईच्या वाढदिवसाची भेट लपवून ठेवली, तर ते चांगले गुपित. वाढदिवशी ते सर्वांना कळते आणि सगळे हसतात. पण कुणी अंगाला नको तसा हात लावला आणि "घरी सांगू नकोस" म्हटले, तर ते गुपित मुळीच ठेवू नका. त्यात तुमची काहीच चूक नसते. आई-बाबांना, आजीला किंवा वर्गाच्या बाईंना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो.

पालकहो, मूल बोलू लागले की शांतपणे ऐका. "काहीतरीच काय!" म्हणू नका. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा.

विश्वस्तांनी ध्यानात घ्यावे, की २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "शाळेचे नाव जाईल" म्हणून प्रकरण आपसांत मिटवता येत नाही. मुलाचे नाव मात्र बाहेर फुटता कामा नये. मूल जपले, तरच शाळेचे नाव राहते.