स्क्रूचा दात बसवण्याआधी

"डॉक्टर, स्क्रूचा दात बसवा, पण माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला यायच्या आत." उन्हाळा सरत आला की ही मागणी हमखास येते. घर पाहुण्यांनी भरणार, फटीचं तोंड दाखवायला नको वाटतं, हे मी समजू शकतो. पण जबड्यातला टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला खालच्या बाजूला साधारण ३ महिने लागतात. वरचं हाड भुसभुशीत, तिथं ४ ते ६ महिने धरा. काहींना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो. तो दिसण्यापुरता, चावण्यासाठी नव्हे.

दुसरी अपेक्षा, "एकदा बसवला की मरेपर्यंत बघायला नको." याला थोडा आधार आहे. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला असे दात बसवले, त्याला ते २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून जास्त टिकले. पण "बघायला नको" हे चूक. धातूला कीड लागत नाही, भोवतालची हिरडी मात्र सुजते आणि हाड झिजतं, तेही फारसं न दुखता. दुखलं नाही म्हणून रुग्ण येत नाही आणि एक दिवस स्क्रू हलायला लागतो. कंपनीची हमी असते ती स्क्रूची. तुमच्या मिश्रीची आणि तंबाखूची हमी कोण देणार? तंबाखू, विडी-सिगारेट सुटत नसेल तर एवढा खर्च करू नका, असं मी तोंडावर सांगतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, आधी तपासा. ती ८ च्या वर असेल तर मी थांबायला सांगतो.

नवा दात खऱ्यापेक्षा मजबूत, म्हणून त्यानं ऊस सोलणारेही आपल्याकडे आहेत. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात. भाकरीत खडा आला की तेच आधी सांगतात. स्क्रूला ते नसतात. जोर किती पडला हे नीट कळत नाही आणि कॅपचा टवका उडतो.

दुखण्याची भीती मात्र अवास्तव आहे. जागा बधिर करूनच काम होतं, आणि दाढ काढण्यापेक्षा हे सोपं गेलं, असं बरेच जण नंतर सांगतात.

घरातल्या आजी-आजोबांबद्दल सांगायचं तर, सगळे दात गेले म्हणून सगळे स्क्रूवर बसवायला हवेत असं नाही. खालची कवळी सारखी उचलते, ही खरी तक्रार. त्यासाठी पुढच्या भागात दोनच स्क्रू बसवून त्यावर कवळी अडकवता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदातांच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असं म्हटलं. खर्च बराच कमी येतो. ती रोज रात्री काढून धुवावी लागते, एवढंच.

तपासणीला येताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. हाडं ठिसूळ होण्यावरची आणि रक्त पातळ करणारी गोळी तर सांगाच, पण स्वतःहून बंद करू नका. आणि उपचार संपल्यावर स्क्रूची कंपनी व माप लिहिलेलं कार्ड मागून घ्या. उद्या पुण्यात मुलाकडे असताना स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरला आधी तेच लागेल.